मशीन त्यांचं, डेटा आपला

क्लाउडवर (म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या मशीनवर) जावं की नाही, गेल्यावर काय सांभाळावं आणि बिल हाताबाहेर का जातं, या तीन गोष्टींवर या वेळी सर्वाधिक पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये एक धागा पुन्हा पुन्हा येईल, तो आधीच सांगून टाकतो. क्लाउड कंपनी मशीन चालू ठेवण्याचे पैसे घेते. त्या मशीनवर काय ठेवलंय, ते कुणाला दिसतं, कुणी पुसलं आणि परत कसं आणायचं, हे करारात जवळजवळ नेहमी ग्राहकाच्याच गळ्यात असतं.

प्रश्न : आमच्या बारा जणांच्या ऑफिसातला सर्व्हर सहा वर्षं जुना झाला. एक विक्रेता म्हणतो नवा घ्या, दुसरा म्हणतो क्लाउडवर चला. दोघंही आपलंच घोडं पुढे दामटतात. आम्ही हिशेब कसा करायचा?

उत्तर : दोन्ही कोटेशन बाजूला ठेवा आणि एका कागदावर पाच वर्षांचा खर्च दोन रकान्यांत मांडा. सर्व्हर विकणारा मशीनची किंमत सांगतो. तिच्यात यूपीएस आणि तीन ते पाच वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या त्याच्या बॅटऱ्या, चोवीस तासांची वीज, खोलीतला एसी, वॉरंटी संपल्यावर लागणाऱ्या हार्ड डिस्क, ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेसची लायसन्स, बॅकअपची साधनं आणि हे सगळं पाहणाऱ्या माणसाचे तास मिळवा. क्लाउडवाला मशीनचा तासाचा दर सांगतो. त्याच्यात डिस्कची जागा, बॅकअपची जागा, बाहेर जाणाऱ्या डेटाचं शुल्क, सपोर्ट प्लॅन आणि इंटरनेटची दुसरी लाइन मिळवा. माणसाचे तास तिकडेही शून्य होत नाहीत. डिस्क बदलायचं काम जातं. युजर, परवानग्या, अपडेट आणि बिल पाहण्याचं काम राहतंच.

मग कामाचा आकार पाहा. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. ऑफिस रोज १० तास आणि २६ दिवस चालत असेल तर वापराचे तास झाले २६०. उरलेले ४६० तास मशीन बंद ठेवलं तर मशीनचं भाडं जवळपास ६४ टक्क्यांनी उतरतं. मात्र मशीन बंद असलं तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं. शिवाय काही सेवांमध्ये मशीनच्या आतून ‘शटडाउन’ केल्यास मशीनचं भाडंसुद्धा थांबत नाही, नियंत्रण पॅनेलमधून ते थांबवावं लागतं. हा बारकावा पुष्कळांना पहिल्या बिलानंतर कळतो.

काम हंगामी असेल, वर्षातले दोन महिने भार पाचपट होत असेल, माणसं चार ठिकाणी विखुरलेली असतील, तर क्लाउडचं पारडं जड. भार वर्षभर चोवीस तास सारखाच असेल तर तासावरचं भाडं महाग पडतं. त्यावर एक किंवा तीन वर्षांचा वायदा केला की सूट मिळते, पण मग ‘हवं तेव्हा सोडा’ हा फायदा गेला.

तिसरी गोष्ट फाइलींचा आकार. २ जीबीची एक फाइल १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट) लाइनवरून उघडायला १६० सेकंद लागतात, तेही सगळी लाइन तिला एकटीला मिळाली तर. ऑफिसातल्या १ जीबीपीएस नेटवर्कवर तीच १६ सेकंदांत येते. व्हिडिओ किंवा मोठी ड्रॉइंग दिवसभर उघडझाप करणाऱ्यांनी चालू कामाच्या फाइली ऑफिसातच ठेवाव्यात आणि क्लाउडवर फक्त बॅकअप न्यावा.

बारा जणांसाठी आमचा क्रम असा : आधी ई-मेल, कारण स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं आता शहाणपणाचं राहिलेलं नाही. मग बॅकअप. मग रोजच्या फाइली. धंद्याचं मुख्य सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी, आधीचं सगळं सहा महिने सुरळीत चाललं तरच. जुना सर्व्हर त्या काळात विकू नका.

प्रश्न : कंपनीच्या माहितीपत्रकात ‘अकरा नव्वांची टिकाऊपणाची हमी’ असं लिहिलंय. एवढी खात्री असताना वेगळा बॅकअप कशाला?

उत्तर : अकरा नव्वांचा अर्थ ९९.९९९९९९९९९ टक्के. ॲमेझॉन आपल्या एस-थ्री या फाइली साठवण्याच्या सेवेबाबत याचं उदाहरण असं देते : १ कोटी फाइली ठेवल्या, तर सरासरी १०,००० वर्षांत एखादी गमवावी. आकड्याशी आमचं भांडण नाही. फाइलीचे तुकडे अनेक डिस्कवर, अनेक इमारतींत ठेवले की हे साधतं. पण हा आकडा डिस्क बिघडण्याबद्दल आहे. तुमच्याच माणसानं फोल्डर पुसलं तर ती आज्ञा तितक्याच निष्ठेनं सगळ्या प्रतींवर पाळली जाते.

सिंक आणि बॅकअप यांतली गल्लत सर्वांत महागात पडते. सिंक म्हणजे आरसा. खंडणीखोर व्हायरसनं तुमच्या लॅपटॉपवरच्या ४०,००० फाइली कुलूपबंद केल्या की सिंक त्या बिघडलेल्या फाइली इमानेइतबारे वर पाठवतो, आणि तिथून इतर सगळ्यांच्या मशीनवर. जुन्या आवृत्त्या आणि रिसायकल बिन थोडा आधार देतात, पण मुदतीपुरताच. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतली फाइल ३० दिवसांनी आपोआप जाते. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट आणि ऑफिसच्या वनड्राइव्हवर ही मुदत ९३ दिवसांची. वार्षिक हिशेबाच्या वेळी चौथ्या महिन्यात लक्षात आलेली चूक दोन्हींच्या बाहेर.

घडलेल्या गोष्टी पाहा. कोड स्पेसेस नावाची कंपनी इतरांचा सोर्स कोड सांभाळायची. जून २०१४मध्ये हल्लेखोरानं तिच्या क्लाउड खात्याच्या नियंत्रण पॅनेलचा ताबा घेतला, खंडणी मागितली आणि ती मिळेना म्हणून मशीन, डिस्कच्या प्रती, बॅकअप असं बरंच काही पुसलं. बॅकअप होते, पण त्याच खात्याच्या किल्लीनं उघडणारे. साधारण १२ तासांत कंपनीचा धंदा बसला. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांचं दोन्ही गेलं. आणि मे २०२४मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन पेन्शन फंडाची गूगल क्लाउडवरची खासगी यंत्रणा पुसली गेली. मशीन उभारताना गूगलच्या अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला होता, म्हणून वर्षभराची मुदत धरली गेली आणि ती संपताच सगळं आपोआप हटलं. युनिसुपरनं दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवला होता, तो सावरताना उपयोगी पडला. तिन्ही ठिकाणी कारण वेगळं. चोरी, आग आणि कंपनीची चूक. अकरा नव्वा यांतल्या एकाही वेळी कामाच्या नव्हत्या.

करायचं काय? तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागा, एक प्रत दूर, हा जुना ३-२-१ नियम आजही पुरतो. क्लाउडच्या संदर्भात ‘दूर’ याचा अर्थ किलोमीटर एवढाच घेऊ नका. वेगळं खातं, वेगळा पासवर्ड, वेगळं बिल, जमल्यास वेगळी कंपनी. बॅकअपच्या जागेवर ‘ऑब्जेक्ट लॉक’ लावा : ठरवलेल्या दिवसांपर्यंत फाइल पुसता किंवा बदलता येत नाही. याची एक कडक पद्धत असते, तिच्यात खात्याच्या मालकालाही मुदत कमी करता येत नाही. आधी एका दिवसाची मुदत लावून पाहा आणि मगच ३० किंवा ९० दिवस करा. चुकून दहा वर्षं टाकलीत तर दहा वर्षं भाडं भरत बसाल.

शेवटचं आणि सगळ्यात टाळलं जाणारं काम म्हणजे बॅकअप परत आणून पाहणं. ३१ जानेवारी २०१७ रोजी सोर्स कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरनं चुकून मुख्य डेटाबेस पुसला. बॅकअप आणि प्रती काढण्याच्या पाच पद्धती होत्या, त्यांतली एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप चुकीच्या आवृत्तीच्या प्रोग्रॅममुळे अपयशी ठरत होता आणि तो अपयशी ठरल्याचे मेल पोचण्याआधीच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी कुणीतरी हातानं काढलेली प्रत होती, म्हणून निभावलं. तेव्हा दर तीन महिन्यांनी एक अख्खं फोल्डर आणि एक डेटाबेस कोऱ्या मशीनवर परत आणा, घड्याळ लावून. लागलेला वेळ लिहून ठेवा. धंदा किती तास बंद राहू शकतो या प्रश्नाचं खरं उत्तर त्या वहीत असतं.

प्रश्न : हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर आम्ही सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये ठेवलं, म्हणजे दोघांना दोन ठिकाणांहून नोंदी करता येतील. महिन्याभरात काही नोंदी गायब, आणि ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ नावाच्या फाइली दिसू लागल्या. सिंकचा दोष की सॉफ्टवेअरचा?

उत्तर : दोघांचाही नाही, जोडी चुकली. डेटाबेसची फाइल ही पत्रासारखी एकदा लिहून ठेवायची वस्तू नाही. प्रोग्रॅम तिच्या मधल्या पानांवर सतत लिहीत असतो. एकाच नेटवर्कवर दोघं काम करतात तेव्हा फाइलीचा तेवढा भाग ‘लॉक’ होतो आणि दुसरा क्षणभर थांबतो. सिंक फोल्डरमध्ये प्रत्येकाकडे स्वतःची पूर्ण प्रत असते. तुमच्या मशीनवरचं लॉक दुसऱ्याच्या मशीनला दिसतच नाही. दोघंही लिहितात, सिंकला दोन वेगळ्या फाइली मिळतात, तो एक ठेवतो आणि दुसरीला ‘कॉन्फ्लिक्टेड’ म्हणून बाजूला टाकतो. नोंदी हरवल्या नाहीत, त्या बाजूच्या प्रतीत आहेत. सगळ्या प्रती आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, मग ताळा जमवा.

कायमचे उपाय दोन. एक, त्याच सॉफ्टवेअरची ब्राउझरवर चालणारी आवृत्ती. दोन, क्लाउडवरच्या एका मशीनवर सॉफ्टवेअर आणि डेटा दोन्ही ठेवून रिमोट डेस्कटॉपनं (त्या मशीनचा पडदा आपल्या पडद्यावर आणून) दोघांनी तिथे जाऊन काम करणं. डेटा क्लाउडवर आणि सॉफ्टवेअर ऑफिसातल्या मशीनवर, अशी फाळणी करू नका. एक अहवाल काढताना असा प्रोग्रॅम फाइलीशी २,००० वेळा जा-ये करू शकतो. ऑफिसातल्या नेटवर्कवर प्रत्येक फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला तर एका सेकंदात काम होतं. ४० मिलिसेकंद दूरच्या सर्व्हरवर त्याच २,००० फेऱ्यांना ८० सेकंद. लाइनचा वेग दुप्पट केल्यानं यात फरक पडत नाही, कारण वेळ अंतराचा आहे, रुंदीचा नाही. आणि रिमोट डेस्कटॉपचं दार इंटरनेटवर थेट उघडं ठेवू नका; व्हीपीएनच्या (खासगी, कुलूपबंद जोडणीच्या) आत ठेवा. उघड्या दारावर पासवर्ड आजमावणारे प्रोग्रॅम यायला वेळ लागत नाही.

प्रश्न : करारात ९९.९ टक्के उपलब्धता लिहिली आहे. हे पुरेसं आहे का?

उत्तर : टक्के मिनिटांत बदला. ९९.९ म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं, वर्षाला पावणेनऊ तास. ९९.९९ म्हणजे महिन्याला सव्वाचार मिनिटं, वर्षाला साधारण ५३. पण तुमच्या टेबलापर्यंत पोचेतो साखळीत आणखी कड्या असतात आणि त्यांचे टक्के गुणले जातात. मशीन ९९.९, डेटाबेस ९९.९ आणि तुमची इंटरनेट लाइन ९९.५ धरली तर गुणाकार येतो सुमारे ९९.३. वर्षाचे ६१ तास. यातला मोठा वाटा तुमच्या लाइनचा आहे, म्हणून पहिला जादा पैसा दुसऱ्या लाइनवर खर्च करा. दोन्ही लाइन एकाच खांबावरून, एकाच केबलमधून येत नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहा. एक तारेची आणि एक मोबाइल नेटवर्कची असली की बरं.

हमी मोडली तर मिळतं काय? पुढच्या बिलात सूट, बहुधा १० टक्क्यांपासून सुरू होणारी, तीही मुदतीत मागितली तर. बुडालेल्या विक्रीची भरपाई नाही. करारात ‘नियोजित देखभाल’ आणि मोजण्याची पद्धत ही दोन कलमं वाचा. काही करारांत सलग पाच मिनिटांपेक्षा कमीचा खंड मोजतच नाहीत.

मोठ्या कंपन्याही पडतात. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्यानं बिलिंग यंत्रणेतला दोष शोधताना आज्ञेत चुकीचा आकडा दिला, हवे त्यापेक्षा जास्त सर्व्हर निघाले आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागात (विभाग म्हणजे एका भागातल्या डेटा सेंटरांचा गट) एस-थ्री सेवा सुमारे चार तास कोलमडली. गंमत अशी की ‘सेवा बंद आहे’ हे दाखवणारा त्यांचा स्वतःचा फलकही त्याच सेवेवर अवलंबून होता, त्यामुळे बराच वेळ तो सगळं ठीक असल्याचं सांगत राहिला. तुमची फोन नंबरांची यादी, आणीबाणीत कुणी काय करायचं याचा कागद आणि पासवर्डची प्रत क्लाउडवरच असेल तर तुमचीही तीच गत. हे तीन कागद छापून ठेवा.

प्रश्न : काम तेवढंच असताना सहा महिन्यांत बिल तिप्पट झालं. बिलाची यादी वीस पानांची, काही उमगत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : बिल सेवेनुसार लावून सर्वांत मोठ्या पाच ओळी काढा, बहुतेक रक्कम त्यांतच असते. मग पुढच्या संशयितांना एकेक करून तपासा.

पहिला, अनाथ डिस्क. मशीन हटवलं तरी तिची डिस्क अनेकदा मागे राहते आणि भाडं खाते. ‘न जोडलेल्या’ डिस्कची यादी काढा. दुसरा, स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत : रोज काढायचं ठरवलं, पुसायचं कुणी ठरवलंच नाही. साधारणतः रोजच्या १४, आठवड्याच्या ८ आणि महिन्याच्या १२ पुरतात. तिसरा, फाइलींच्या जुन्या आवृत्त्या. रोज बदलणाऱ्या १० जीबीच्या फाइलीवर आवृत्त्या चालू केल्या तर महिन्यात ३०० जीबी जमतात, आणि फोल्डर पाहिलं तर १०च दिसतात. आवृत्त्या बंद करू नका, ६० दिवसांनी जुन्या आपोआप जातील असा नियम लावा. त्याच नियमात अर्धवट राहिलेल्या अपलोडचे तुकडे सात दिवसांनी पुसायचंही सांगा. ते तुकडे कुठल्या यादीत दिसत नाहीत, बिलात दिसतात.

चौथा, बाहेर जाणारा डेटा. आत आणणं बहुधा फुकट, बाहेर नेणं जीबीच्या हिशेबानं. एखाद्यानं पूर्ण बॅकअप दर रात्री ऑफिसात उतरवायला लावला असेल तर चोर तिथेच आहे. फक्त बदललेला भाग उतरवा. एकाच कंपनीच्या दोन विभागांमधल्या वाहतुकीलाही शुल्क असतं, हे पुष्कळांच्या ध्यानीमनी नसतं. पाचवा, लॉग, म्हणजे मशीननं काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी. दोष शोधण्यासाठी कुणीतरी तपशीलवार लॉग चालू केले आणि तसेच राहिले. ॲमेझॉनवर असाल तर सार्वजनिक आयपी पत्तेही मोजा. १ फेब्रुवारी २०२४पासून वापरात असलेल्या पत्त्यांनाही तासाचं शुल्क लागतं.

‘स्वस्त अभिलेख साठवण’ हीसुद्धा फसवी असू शकते. तिथे किमान मुदत असते. ॲमेझॉनच्या सर्वांत थंड (क्वचितच उघडायच्या फाइलींच्या) श्रेणीत ती १८० दिवसांची : आज ठेवलेली फाइल दहा दिवसांनी पुसली तरी १८० दिवसांचं भाडं. फाइल परत मागवली तर साध्या मागणीला १२ तासांपर्यंत आणि घाऊक मागणीला ४८ तासांपर्यंत थांबावं लागतं, शिवाय काढण्याचं शुल्क. लाखो छोट्या फाइली तिथे टाकू नका, कारण प्रत्येक फाइलीमागे हलवण्याचा आणि नोंदीचा खर्च असतो. आधी झिपमध्ये बांधा.

बजेटची सूचना आजच लावा, ५०, ८० आणि १०० टक्क्यांवर. पण ती फक्त मेल पाठवते, मशीन थांबवत नाही. बिलाचे आकडेही काही तास मागे असतात. म्हणजे रात्री चोरानं तुमच्या खात्यावर पन्नास मशीन उभी केली, तर सूचना येईपर्यंत बराच खर्च झालेला असेल. म्हणून खात्यावर एका वेळी किती मशीन उभारता येतील याची मर्यादाही कमी करून घ्या.

प्रश्न : क्लाउड कंपनीची माणसं आमच्या फाइली वाचत असतील का? ग्राहकांची माहिती ठेवायची भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे, पण दिशा चुकली. फाइली साठवताना आणि वाटेत असताना कुलूपबंद असतात, हे आता मोठ्या सेवांमध्ये गृहीतच आहे. त्या कुलपाची किल्ली मात्र सहसा कंपनीकडेच असते. ती नको असेल तर फाइल तुमच्या मशीनवरच एन्क्रिप्ट करून मग वर पाठवा. मग कंपनीलाही आत काय आहे ते कळत नाही. आणि किल्ली हरवली तर तुम्हालाही नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण तिथे नसतं. किल्लीची एक प्रत कागदावर, ऑफिसबाहेरच्या तिजोरीत ठेवा. सगळ्याच फाइलींना हे करत बसू नका, शोध आणि एकत्र संपादन दोन्ही जातं. पगार, करार, ग्राहकांची ओळखपत्रं एवढ्यांपुरतं पुरे.

गळती जास्त करून ग्राहकाच्याच बाजूनं होते. २०१९मध्ये कॅपिटल वन बँकेच्या १० कोटींहून अधिक लोकांची माहिती बाहेर पडली, ती चुकीच्या मांडणीच्या फायरवॉलमधून (बाहेरून येणाऱ्या विनंत्या गाळणाऱ्या यंत्रणेतून). क्लाउडचं कुलूप कुणी तोडलं नव्हतं. फायरवॉललाच गरजेपेक्षा जास्त परवानग्या दिलेल्या होत्या.

या आठवड्यात करण्यासारखं : प्रत्येक खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन, एसएमएसऐवजी ॲप किंवा हार्डवेअर किल्ली. खात्याचं मालक-लॉगिन रोज वापरू नका. ‘लिंक असलेला कुणीही’ अशा शेअर केलेल्या फाइलींची यादी काढा. ती पाहून धक्का बसेल. कुणी नोकरी सोडली की पासवर्ड बदलण्यावर थांबू नका, त्याच्या मोबाइलवरची चालू सत्रं (उघडी राहिलेली लॉगिन) आणि त्यानं बनवलेल्या ॲक्सेस की (प्रोग्रॅमना आत येण्यासाठी दिलेल्या किल्ल्या) रद्द करा. आणि डोमेन नावाचं नूतनीकरण चुकवू नका. डोमेन दुसऱ्याच्या हाती गेलं तर पासवर्ड बदलण्याचे मेलही त्याच्याकडेच जाऊ लागतील, मग बाकी सगळी कुलपं शोभेची.

प्रश्न : डेटा कुठल्या देशात आहे, याला महत्त्व आहे का?

उत्तर : आहे. खातं उघडताना विभाग निवडता येतो आणि नंतर बदलणं म्हणजे सगळं स्थलांतर. जागा जवळची निवडली तर वेगही चांगला. पण जागेनं सगळा प्रश्न सुटत नाही : अमेरिकेच्या २०१८च्या क्लाउड कायद्यानुसार तिथल्या कायद्याच्या कक्षेतल्या कंपनीकडे वैध आदेशानं मागितलेला डेटा, तो जगात कुठेही साठवलेला असला तरी, द्यावा लागू शकतो. मे २०१८पासून लागू असलेल्या जीडीपीआर या युरोपीय डेटा-संरक्षण कायद्यात, तुमच्या वतीनं डेटा हाताळणाऱ्या कंपनीशी लेखी करार लागतो. चूक तिची असली तरी ‘आम्ही फक्त भाडेकरू’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. बॅकअप कुठल्या विभागात जातो हेही विचारा. मुख्य डेटा एका देशात आणि प्रत गुपचूप दुसऱ्या, असं होतं.

प्रश्न : उद्या कंपनी बंद पडली किंवा दर वाढवले तर? बाहेर पडायची वाट आधीच कशी राखावी?

उत्तर : २०१३ साली निर्वाणिक्स ही क्लाउड साठवण कंपनी बुडाली. ग्राहकांना सप्टेंबरात निरोप मिळाला : साधारण दोन आठवड्यांत डेटा काढून न्या. आता गणित करा. १० टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून, एक क्षणही न थांबता, २२२ तासांत उतरतो. म्हणजे सव्वानऊ दिवस. लाइन ५० एमबीपीएसची असेल तर साडेअठरा, म्हणजे मुदत संपूनही चार दिवस कमीच. हा हिशेब तुमच्या आकड्यांनी करून ठेवा. तो दोन आठवड्यांच्या वर जात असेल तर दुसरी प्रत स्वतःजवळ असण्याला पर्याय नाही.

साध्या फाइली नेणं सोपं. अडकायला होतं ते तयार सॉफ्टवेअरमध्ये. विकत घेण्याआधीच चाचणी खात्यात वीस नोंदी भरा आणि ‘एक्स्पोर्ट’ करून पाहा. सीएसव्ही (रकान्यांची साधी फाइल) मिळते की नुसती पीडीएफ? जोडलेली बिलं, टिपा, तारखा आणि कुणी बदल केला याचा इतिहास येतो का? मराठी अक्षरं शाबूत उतरतात की प्रश्नचिन्हं होतात? पीडीएफ हे छापील पान आहे, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते भरता येत नाही. करार संपल्यावर डेटा किती दिवस ठेवतात आणि मग खरोखर पुसतात का, हे लेखी घ्या. युरोपीय महासंघात डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५पासून लागू झाला असून १२ जानेवारी २०२७पासून सेवा बदलताना स्थलांतराचं शुल्क घेता येणार नाही. इतरत्र तुमच्या करारात जे लिहिलंय तेवढंच.

प्रश्न : ठरलं, जातोय. ४ टीबी फाइली आहेत, वर जाण्याचा वेग ५० एमबीपीएस. शनिवार-रविवारात उरकेल?

उत्तर : नाही. कागदावरच ७ दिवस १० तास होतात आणि प्रत्यक्षात लाइनचा ७० टक्के वेग मिळाला तर साडेदहा दिवस. लाइन विकताना सांगितलेला वेग बहुधा खाली येण्याचा असतो, वर जाण्याचा वेगळा मोजा. लाखो छोट्या फाइली असतील तर आणखी वेळ, कारण प्रत्येकीला स्वतंत्र विनंती लागते.

दोन टप्प्यांत करा. सगळं ऑफिस चालू असताना दोनेक आठवडे पहिली मोठी प्रत पाठवा, दिवसा वेग २० एमबीपीएसवर बांधून आणि रात्री मोकळा सोडून. मग शुक्रवारी संध्याकाळी जुनं फोल्डर ‘फक्त वाचा’ करा आणि त्या काळात बदललेलं तेवढंच पाठवा. ते काही तासांत होतं. मग फाइलींची संख्या, एकूण आकार आणि चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा. संख्या जुळत नसेल तर आधी नावं पाहा. वनड्राइव्हला तारांकन, प्रश्नचिन्ह, कोलन (:) असलेली नावं चालत नाहीत आणि पूर्ण पत्ता ४०० अक्षरांच्या वर गेला की फाइल मागे राहते. फोल्डरात फोल्डर करत दहा पातळ्या खाली गेलेल्यांची हीच अडचण होते. एका मशीनवर तीन लाखांहून जास्त फाइली सिंक करू नयेत असा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे. प्रत्येकाला लागेल तेवढंच फोल्डर द्या.

पाठवण्याआधी घर झाडून घ्या. पाच वर्षांत न उघडलेल्या फाइली आणि एकाच फोटोच्या चार प्रती वेगळ्या केल्यात तर ४ टीबीचे अनेकदा दोन होतात. परवानग्या आपोआप येतील असं धरू नका, पगाराचं फोल्डर सोमवारी सकाळी शिकाऊ कर्मचाऱ्याच्या लॉगिननं उघडून पाहा. जुनी डिस्क ९० दिवस कपाटात, प्लगविना.